भिंतीचा रेनकोट

अहो, ऐकलंत का? उतरवल्या! काल संध्याकाळी, सगळ्याच्या सगळ्या पट्ट्या! मी आपली गच्चीवर कुरडया आणायला गेले होते. ऑक्टोबरात कसल्या कुरडया म्हणाल, तर उन्हाळ्यातल्याच, पावसात सादळल्या म्हणून ऊन दाखवत होते. तर खाली बोळात ठकठक ठकठक. वाकून बघते तर मिस्त्री शिडीवर, आणि शेजारचे भाऊ खाली उभे. हातात त्या पांढऱ्या पट्टीचा तुकडा, परत आलेला आहेर धरावा तसा धरलेला. वहिनी दारात. एक शब्द नाही हो तोंडातून. आणि तुम्हाला तर ठाऊकच आहे, वहिनी गप्प म्हणजे...

अशा इकडे या, जास्वंदीच्या आडोशाला. इथलं बोलणं त्यांच्या खिडकीत जात नाही.

तर काय सांगत होते, ती भिंत. आपल्याकडे सासवा-सुनांची जितकी चर्चा होत नसेल तितकी त्या भिंतीची झालीय. घर आजींच्या आजेसासऱ्यांच्या वेळचं. आपली नगरपालिका 1852ची, आणि घर तिच्या नंतरचं असलं तरी फार नंतरचं नाही, असं आजी छाती पुढे काढून सांगतात. 2016ला महानगरपालिका झाली तरी आजी अजून ‘म्युन्सिपाल्टी’च म्हणतात, ते सोडा. खालचा मजला काळा दगड आणि चुना, वरचा विटांचा, माथ्यावर मंगलोरी कौलं. गावात आता अशी घरं राहिलीत किती? टपाल नाक्यापासून लाइन आळीपर्यंत चालत जा, एक वाडा दिसतो आणि पाच टॉवर. बिल्डर तर भाऊंकडेही दोनदा येऊन चहा पिऊन गेला. आजी म्हणाल्या, मी आहे तोवर नाही. बिल्डरचा चेहरा असा पडला! पण बिस्किटं सगळी संपवली हो मेल्यानं.

आणि ही भिंत नेमकी पश्चिमेची, माझ्या घराकडची. मधे तो बोळ, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं मागे सरावं असा. माझं घर बसकं, एक मजली, त्यामुळे वरच्या मजल्याला आडोसा नाही. जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा सुटला की झड अशी आडवी येते की बस. भाऊंचा तो खारघरचा इंजिनिअर भाचा सांगत होता, आपल्याकडे वर्षाला अडीच-तीन मीटर पाऊस पडतो. मी म्हटलं, मीटरमध्ये आम्हाला काय कळतंय? तर म्हणे, काकू, सगळा साठवला तर खोलीच्या छताला टेकेल. बाई गं! तेव्हापासून पाऊस आला की मी छताकडेच बघते.

तर भिंतीला ओल. ओल म्हणजे कशी, मधल्या खोलीत देव आहेत ना, त्याच्या मागे हा एवढा नकाशा. गिलाव्याचे पोपडे, आणि पांढरं पांढरं पिठासारखं. वहिनी त्याला बुरशी म्हणत पुसत बसायच्या. बुरशी कसली, लोणा तो! जिभेला लावला असता तर खारट लागला असता. आणि गंमत सांगू का, नकाशा पावसाळ्यात वाढायचा खरा, पण एप्रिलातही जायचा नाही. वहिनींनी मला हात लावून दाखवला होता, रामनवमीच्या आसपास. गार लागली भिंत. मी म्हटलं, जुन्या भिंती अशाच असायच्या, दगड पाणी धरून ठेवतो...

थांबा हं एक मिनिट. मोटर लावून आले होते, टाकी भरली वाटतं. आलेच.

हं. आले. माझं हे नेहमीचंच. पाणी येतं तेव्हाच कुकर, तेव्हाच दूधवाला, तेव्हाच यांना मोजे सापडत नसतात.

तर काय सांगत होते? हां, होळीची मीटिंग. तुम्ही तेव्हा पुण्याला लेकीकडे होतात, नाही का? म्हणजे तुमचं खरं नाटक हुकलं. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओटीवर सगळे जमले. भाऊ, वहिनी, भाचा, वहिनींचे पेणचे भाऊ, आजी कोपऱ्यात आरामखुर्चीत, आणि मी. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण पुरणपोळीचं ताट परत द्यायला गेले होते, आणि उभ्या उभ्या कसं निघायचं?

विषय एकच, भिंतीवर बाहेरून काय चढवायचं.

भाच्यानं लॅपटॉप उघडला. म्हणे, एसीपी लावू या. ती नाही का बँकांवर, शोरूमवर चकचकीत पाटी असते, ती. दोन बाजूंनी अल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि मधे भरण. दिसायला काय छान हो! भाऊ लगेच चष्मा सावरून रंग बघायला लागले. तेवढ्यात मला तुमच्या जाऊबाईंचं आठवलं, लंडनच्या. त्यांनीच नव्हतं का सांगितलं, तो 24 मजल्यांचा ग्रेनफेल टॉवर, 2017च्या जूनमध्ये रात्रीत पेटला तो? आग लागली फ्रीजपाशी, चौथ्या मजल्यावर, आणि बाहेरून जी चकचकीत पाटी लावली होती ना, तिच्या पोटातल्या प्लॅस्टिकनं ती वरपर्यंत चढवली. 72 माणसं गेली. मी एवढंच बोलले, आणि भाच्याचा चेहरा! म्हणाला, काकू, आता आग न पकडणारं भरणही मिळतं. मी म्हटलं, मिळत असेल रे, पण दुकानदार तुला मधलं कापून दाखवणार आहे का? वहिनींनी लॅपटॉप मिटला. स्वतःच्या हातानं!

मग पेणचे भाऊ म्हणाले, माझ्याकडे गोठ्याचे सिमेंटचे पत्रे पडून आहेत, फुकट न्या. फुकट म्हटल्यावर भाऊंचा चेहरा जरा उजळला. पण भाचा आता सूड उगवायलाच बसला होता. म्हणे, मामा, त्या जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतो. आहे तिथे धड असेपर्यंत एक वेळ ठीक, पण त्याला ड्रिल मारलं, कापलं की धूळ उडते ती छातीत जाऊन बसते, आणि कॅन्सर करते, तीस-चाळीस वर्षांनी. इंग्लंडनं 1999लाच बंदी घातली, आपल्याकडे अजून विकतात. पेणचे भाऊ म्हणाले, आमचे बैल तर ठणठणीत आहेत. आता बैल तीस वर्षं जगतो का हो? कुणी हसलं नाही. मी पदरात हसले.

मग मी म्हटलं, धोलपुरी दगड लावा की, तुकड्या-तुकड्यांचा. मिडलक्लास सोसायटीत त्या एका बंगल्याला आहे बघा, काय शोभतो! सगळे माझ्याकडे बघायला लागले. आत मिस्त्री चहा पीत होता, म्हातारा, त्याच्या बापानं आपल्या निम्म्या आळीची घरं दुरुस्त केलीत. तो तिथूनच म्हणाला, ताई, वीट जुनी, सांधे चुन्याचे. त्यावर दगडाचं वजन टांगायचं आणि खाली बोळातून माणसं जायची? पहिला तुकडा पडेल तो तुमच्याच डोक्यावर. मला काय, मी आपलं सुचवलं. पण त्या दिवसापासून मी बोळातून जाताना वर बघतेच.

फायबर सिमेंटचं बोर्डही निघालं बरं का. आठ-दहा मिलिमीटर जाड, ॲस्बेस्टॉस नसलेलं, जळत नाही, वाळवी लागत नाही. भाच्याचा दुसरा डाव. पण मिस्त्री म्हणाला, कापलेल्या कडा रंगवून बंद केल्या नाहीत तर तिथून पाणी पिऊन फुगतं, आणि आजकालची पोरं कडा रंगवत नाहीत. टेक्स्चर पेंट निघाला. त्यावर मिस्त्रीनं नुसती मान हलवली, ओल्या भिंतीला रंग म्हणजे जखमेवर पावडर. सागाच्या फळ्या निघाल्या. साग म्हटल्यावर भाऊच उठून पाणी प्यायला गेले.

आणि या सगळ्यात आजी म्हणाल्या, झाप लावा. आम्ही सगळे गप्प. झाप हो, नारळाच्या झावळ्यांचे विणलेले! आमच्या लहानपणी मिरगाच्या आधी पश्चिमेला झाप बांधायचे, दसरा झाला की सोडून चुलीत घालायचे. दर वर्षी नवा कपडा भिंतीला. आजींचं माहेर कुडाचं, कारवीच्या काठ्या, त्यावर शेणमातीचा लेप. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते आणि मग वाळते, ती डोंगरावरून आणायची. प्रबळगडाकडच्या ठाकरवाड्यांत अजून दिसतात तशा भिंती. भाचा म्हणाला, आजी, हे एकविसावं शतक आहे. आजी म्हणाल्या, पाण्याला कॅलेंडर दाखव मग. आणि पुढे म्हणाल्या, अरे, आधी पाणी येतं कुठून ते बघा. कपडा मागनं शिवा.

कुणी ऐकलं? कुणी म्हणजे कुणी नाही. मीसुद्धा नाही, आता खोटं कशाला बोलू.

कारण तेवढ्यात आला न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉल. धाकटी! तिकडे तिनं मागच्या वर्षी घर घेतलंय, तुम्हाला फोटो दाखवलेच असतील वहिनींनी, निदान चारदा. तर ती म्हणाली, आई, इकडे सगळ्या घरांना सायडिंग असतं, व्हायनिलचं, आडव्या पट्ट्या, रंगवायला नको, पुसायला नको, नळीनं धुतलं की झालं. आणि फोन घेऊन घराबाहेर गेली, बर्फात, भिंत दाखवायला. पांढऱ्या शुभ्र पट्ट्या, एकीवर एक चढवलेल्या. वहिनींचे डोळे असे! झालं. ठरलं. आळीत पहिलं सायडिंगचं घर. भाऊ म्हणाले, इथे मिळेल का? भाचा म्हणाला, मामा, सगळं मिळतं.

आणि मिळालं की! अक्षय्य तृतीयेला पांढऱ्या पट्ट्यांचा टेम्पो आला. दुकान कुठलं ते मी सांगत नाही, उगाच कुणाचं नाव नको. मी बोट लावून बघितलं, हलकं, पोकळ, पुठ्ठ्यासारखं वाजणारं. मला वाटलं, परदेशी वस्तू हलकीच असते. चार दिवसांत वरपासून खालपर्यंत भिंत झाकली. खालची फट उंदीर जातील म्हणून सिलिकॉननं पक्की बंद केली. वर कौलांच्या खाली दोन बोटं जागा राहिली ती तशीच राहिली. काय चमकत होतं हो! विमानतळाचं काम सुरू झाल्यापासून एवढी धूळ, पण पट्ट्या दुधासारख्या. वहिनी रोज संध्याकाळी माझ्या गच्चीवर यायच्या, तिथूनच सगळी दिसते म्हणून. मी त्यांना कोकम सरबत दिलं, दोनदा.

मग आले गणपती. आता हे तुम्ही ऐकलंच असेल, पण मी तिथे हजर होते, त्यामुळे माझ्याकडून ऐका. मधल्या खोलीत मखर, मागे ती भिंत, त्यावर जरीची साडी लावलेली, डाग दिसू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी आरती, घर पाहुण्यांनी भरलेलं, व्याही मंडळी पहिल्यांदा आलेली. ‘घालीन लोटांगण’ सुरू झालं, सगळे गोल फिरले, आणि धप्प! साडीच्या मागून हा एवढा पोपडा सुटला, तो साडी घेऊनच खाली. पडला कुठे? उकडीच्या मोदकांच्या ताटात. एकवीस मोदक, तूप सोडलेले. विहीणबाई म्हणाल्या, शुभ असतं हो. आता पोपडा पडणं कुठल्या पोथीत शुभ आहे? वहिनींचा चेहरा पांढरा, पट्ट्यांहून पांढरा. भाऊ नुसते भिंतीकडे बघत राहिले. भिंत काळी पडली होती, आणि त्यावर लव.

मी लगेच घरचे बारा मोदक नेऊन दिले. ते बोलायचं कारण नाही, पण दिले.

त्या रात्री न्यू जर्सीला फोन. मी पाण्याचा तांब्या घ्यायला आत गेले होते म्हणून कानावर पडलं. धाकटी म्हणाली, आई, पट्टी जवळ धर. अजून जवळ. आणि मग म्हणाली, आई, हे ते नाहीच गं! ही तर घरात छताला लावतात ती पीव्हीसीची. उन्हात पिवळी पडून तडकेल. आणि खालून का बंद केलीत? तिकडची तऱ्हाच वेगळी म्हणे. घर लाकडी सांगाड्याचं, त्यावर फळी, फळीवर पाणी अडवणारा कागद गुंडाळलेला, आणि त्याच्यावर सायडिंग. पट्टीला खिळा घट्ट मारायचा नाही, लांबट भोकात सैल, म्हणजे उन्हानं पट्टी वाढली तरी वाकत नाही. आणि प्रत्येक पट्टीच्या खालच्या कडेला बारीक भोकं, आत गेलेलं पाणी गळून जायला. म्हणाली, आई, सायडिंग पाणी थांबवत नाही, ते रेनकोटासारखं आहे. थोडं पाणी आत जाणारच, ते बाहेर यायला वाट हवी. वहिनी म्हणाल्या, अगं, हे तू होळीला का नाही सांगितलंस? धाकटी म्हणाली, आई, तुम्ही भिंतीचा रंग विचारला होतात.

तिचं खोटं नाही हो. मी तिथेच होते, रंगच विचारला होता.

मग दसरा झाला, पाऊस थांबला, आणि मिस्त्री परत आला. आता त्याचं ऐकायला सगळे तयार. म्हातारा काय शांत! आधी भिंतीला कान लावल्यासारखा उभा राहिला. मग प्लॅस्टिकचा कागद, फूटभर बाय फूटभर, आतल्या भिंतीवर ठेवून चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली. म्हणाला, दोन दिवस हात लावू नका. थेंब कागदावर खोलीच्या बाजूनं आले तर हवेतला दमटपणा, भिंतीच्या बाजूनं आले तर पाणी भिंतीतूनच येतंय. दोन दिवस घरात सगळे त्या कागदाभोवती! भाऊ तर टॉर्च घेऊन रात्री उठून बघायचे. थेंब आले, भिंतीच्या बाजूनं. टपोरे.

मिस्त्री म्हणाला, भाऊ, हा गिलावा सिमेंटचा कधी केलात? भाऊंनी मान खाली घातली. 2005 हो! 26 जुलैला गाढी नदीचं पाणी गावात शिरलं, तुमच्या-माझ्या घरात गुडघाभर, आठवतंय ना? माझं पापडाचं पीठ गेलं सगळं. त्या दिवाळीत भाऊंनी जुना चुन्याचा गिलावा खरवडला आणि वर घट्ट सिमेंटचा चढवला, पक्कं काम म्हणून. आम्ही सगळ्यांनी कौतुकच केलं तेव्हा. आता मिस्त्री सांगतो, चुन्याची भिंत श्वास घेते, पाणी पिते आणि ऊन पडलं की सोडते. तिला सिमेंटनं बांधलं की पाणी आत कोंडतं, दगडातले-विटेतले क्षार घेऊन जिथून जमेल तिथून बाहेर पडतं, आणि वाळलं की क्षार मागे राहतात. तोच लोणा. तोच पोपडे ढकलतो. आणि त्यावर या बंद पट्ट्या म्हणजे तापलेल्या पोराला गोधडीवर गोधडी.

इथवर मी गच्चीवरून ऐकत होते. कुरडया उलटत. आणि काल...

नाही, जाऊ दे. झालं एवढंच.

बरं, सांगते. तुम्हाला नाही तर कुणाला सांगणार? पण तुमच्या भिंतीपलीकडे जाऊ द्यायचं नाही हं.

काल पट्ट्या उतरल्या. मिस्त्रीनं भिंतीवर तळवा फिरवला, वरपासून खाली. वरचा मजला कोरडा होत आलेला. आणि मधे, देवांच्या मागे जिथे नकाशा आहे, बरोबर तिथे बाहेरून गिलावा ओला गच्च. चमकत होता. मिस्त्री म्हणाला, भाऊ, पाऊस जाऊन आठ दिवस झाले. ही ओल आजची आहे. आजच्या सकाळची.

आणि त्यानं मान वर केली.

मी मागे सरले. पण पाईप कसा मागे सरणार? माझ्या टाकीचा ओव्हरफ्लो, पाऊण इंची, बोळाच्या दिशेनं नाक काढून बसलेला. टाकी भरली की धार सुटते ती थेट त्यांच्या भिंतीवर. पट्ट्या लावल्यावर तर वरच्या त्या दोन बोटांच्या फटीच्या खाली जिथे सांधा उघडा राहिला होता, तिथून आत, आणि खालून बंद, म्हणजे भिंतीचं आपलं तळं! आपल्या वडाळे तळ्यालासुद्धा पाणी सोडायला वाट आहे हो, त्या भिंतीला नव्हती. आणि वर्षाचे बारा महिने. एप्रिलातसुद्धा. म्हणून ती गार लागली होती रामनवमीला. माझ्या हाताला लागली होती हो, याच हाताला!

तुम्ही हसताय? हसा. मी काल हसले नाही.

कुणी काही बोललं नाही. भाऊंनी वर बघितलं, भाच्यानं वर बघितलं. मग इतका वेळ गप्प असलेल्या वहिनींनी तर मला नमस्कारच केला, म्हणाल्या, अहो, रोज सकाळी तो आवाज यायचा, आम्हाला वाटायचं तुम्ही गच्ची धुता. किती स्वच्छ बाई, असं आम्ही म्हणायचो. बोलल्या हसून हो, पण ते हसणं... मला वाटलं जमीन फाटावी, पण गच्चीवर होते, फाटली असती तर स्वयंपाकघरात पडले असते. मी म्हटलं, काय हो, हे प्लंबर लोक कसेही पाईप सोडतात. कुणी हूं केलं नाही. माझ्या चेहऱ्याचं काय झालं असेल ते मला कसं कळणार? तेवढा एकच चेहरा मला बघता आला नाही.

आजी काय म्हणाल्या विचारा. काही नाही! आरामखुर्चीतून फक्त विचारलं, कुरडया वाळल्या का गं?

तर आता असं ठरलंय. खालच्या मजल्याचा सिमेंटचा गिलावा काढायचा, भिंत उघडी ठेवायची संक्रांतीपर्यंत, वाळू द्यायची. मग चुना. मिस्त्रीनं चुना आत्तापासूनच भिजत घालायला सांगितलाय, जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. त्यात वाळू, हिरड्याचं पाणी आणि गुळाचं पाणी. गूळ म्हटल्यावर मात्र आजी उसळल्या. म्हणे, भिंतीला गूळ, आणि मला चहा बिनसाखरेचा! वरच्या मजल्यावर खरी झड लागते, तिथे रंगीत लेपाचा पत्रा, अर्ध्या मिलिमीटरचा, पण भिंतीला चिकटवून नाही. दीड इंच पुढे, सांगाड्यावर. खालून उघडा, उंदरांसाठी फक्त जाळी. वरून कौलांच्या वळचणीत घुसवलेला, आणि वळचण हातभर पुढे काढायची. पत्रा कटर मशीननं कापायचा नाही म्हणे, ठिणग्यांनी कडेचा लेप जळतो आणि खाडीच्या वाऱ्यानं तिथूनच गंज चढतो. मोठ्या कात्रीनं कापायचा. भाचा सगळं लिहून घेत होता वहीत. लॅपटॉप आणलाच नव्हता.

म्हणजे बघा, एका भिंतीला दोन कपडे. वर रेनकोट, खाली सुती. आणि आजींचे झाप काय होते? भिंतीपासून सुटे, खालून उघडे, वारा खेळता. तेच ना! फरक एवढाच की पत्रा चुलीत घालता येत नाही.

आणि पाईप? अहो, यांनी आज पहाटेच प्लंबरला बोलावलं, तो चहाच्या आधी हजर. टाकीत बॉल बसवला, पण तो अडकतो कधीकधी, म्हणून ओव्हरफ्लो फिरवून आमच्या मागच्या अंगणात सोडला, अळूच्या वाफ्यात. मी ठरवलंय, दिवाळीच्या आत अळूवड्या करून पहिलं ताट तिकडे. मोजून एकवीस. वहिनी घेतील का हो? घेतील. आजी तर घेतीलच. त्यांना सांगेन चिंचेबरोबर गूळ घातलाय, पण अगदी...

ऐकू आलं का? ती धार. टाकी भरली परत, बॉल अडकला मेला.

नाही नाही, बसा तुम्ही. अळूत पडतंय. पडू दे.